नुसतं ‘अगं’

लेक पुण्याला परत जाताना एक प्रेमकादंबरी केडगावच्या घरी विसरून गेली. दुपार सरता सरत नाही, म्हणून मी ती वाचायला घेतली. त्यातली नायिका मरते आणि नायक पानापानावर तिचं नाव घेऊन रडतो. मला वैतागच आला. किती नाव घ्यायचं माणसानं! आमच्या पाथर्डीकडं जुनी माणसं बायकोला नावानं हाक मारत नाहीत. हिचं नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं, तेवढंच. पुढं ती होती तोवर नुसतं ‘अगं’.

पुस्तक मिटलं आणि रिकाम्या घरात तिचं नाव मोठ्यानं घेऊन बघितलं. कुणा परक्या बाईला हाक मारल्यासारखं वाटलं. मग हळूच ‘अगं’ म्हणालो, आणि चष्मा काढावा लागला.