पत्रिकेतून खोडलेले मामा

मी बऱ्हाणपूरच्या घरात बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी कंटेंट स्ट्रॅटेजी करते. म्हणजे नेमकं काय करते, हे बाबांना इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. कोणी विचारलं की ते सांगतात, पोरगी लोकांनी लिहिलेलं खोडते आणि त्याचा पगार घेते. राग येतो, पण खोटं कसं म्हणू?

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि बाबांनी पत्रिकेचा मजकूर लिहून आणला. वहीची अडीच पानं! नवरा-नवरी कोण, ते शोधायला मला ओळींवरून बोट फिरवावं लागलं. निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक. आजोळकडून मामा, दापोऱ्याचे झाडून सगळे चुलते, डोईफोडिया गावच्या आत्याचे व्याही. शेवटी चुलतबहिणीची तान्ही लेक 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं आग्रहाचं निमंत्रण देत होती. तिला तेव्हा दातही आले नव्हते.

मी म्हटलं, बाबा, एवढी नावं कोण वाचतं? ते म्हणाले, सगळे वाचतात. मी हसले आणि पेन उचललं.

कोण, कधी, कुठे. पाच ओळी, मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावतील अशा. बहिणीला भारी आवडली. बाबा कुरकुरले, पण तिच्यापुढे त्यांचं चालत नाही. पत्रिका छापली, सगळ्या नात्यागोत्यात मोबाइलवरही धाडली, आणि मी स्वतःवर खूश होऊन बसले.

कोणीच काही बोललं नाही. आमच्या धंद्यात याचा अर्थ मजकूर पोचला असा होतो. आमच्या घराण्यात काय होतो, ते आईने तुकईथडला मामांना फोन लावला तेव्हा कळलं. मामी म्हणाल्या, ते शेतात गेलेत. सकाळी शेतात, दुपारी शेतात, दुसऱ्या दिवशीही शेतात. आईने पाठच सोडली नाही, तेव्हा मामींनी हळूच निरोप सांगितला, ज्या पत्रिकेत आम्ही नाही, त्या मांडवात आमचं काय काम?

आईला हा एकच भाऊ. नवरीची पिवळी साडी मामाकडून यायची आणि मामानेच तिला हाताला धरून अंतरपाटापाशी आणायचं, ही आमची रीत. पत्रिकेवर खूश असलेली बहीण आता म्हणाली, मामा आले नाहीत तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही. आणि रडायला लागली. आईही रडायला लागली. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला आधी मामांचाच संताप आला. एवढा पिकल्या केसांचा माणूस, एका नावासाठी रुसतो?

तरी मी तुकईथडला गेले. आईने अक्षता आणि नारळ दिला होता. बसमध्ये मी बोलण्याची चांगली तयारी केली. मामा ओसरीत खाटेवर बसले होते. मामींनी चहा दिला. मी समजावू लागले, हल्ली सगळे मोबाइलवर बघतात, जागा कमी असते, नावं कोणी वाचत नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

"बस झालं," ते म्हणाले. "नवी पत्रिका मी छापतो. तू हात लावायचा नाही."

मी मुकाट्याने मान हलवली. असं मी आजवर एकाही क्लायंटचं ऐकलेलं नाही.

आठवड्याने मामा स्वतः आले. एका हातात पिवळ्या साडीची पिशवी, दुसऱ्या हातात पत्रिकांचा गठ्ठा. आईने डोळ्यांना पदर लावला. मामांनी वरची पत्रिका माझ्या हातात दिली. लालभडक कागद, सोनेरी गणपती, आणि आमची सगळी जत्रा. चुलते होते, आत्याचे व्याही होते, ती बिनदातांची पोरगीही होती. मी गणपतीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं. मग पुन्हा बोट ठेवून वाचलं. सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि त्यात मी कुठेच नव्हते. एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटतंय याची लाजही वाटली.

"मामा, माझं नाव राहिलं वाटतं."

मामा बशीतल्या चहावर फुंकर घालत होते.

"नावं कोणी वाचते का वं माय?"

घरात कोणी हसलं नाही. मी खाली वाकले आणि मामांच्या पाया पडले. चुकलं माझं, असं मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. तेव्हा त्यांनी गठ्ठ्यातली दुसरी पत्रिका काढली. पहिली त्यांनी एकच छापून घेतली होती, खास माझ्यासाठी. या पत्रिकेत डोईफोडियाचे व्याही आणि स्वयंपाकाची देखरेख करणारे शेजारी यांच्या मधोमध, दाटीवाटीत माझं नाव होतं.

मी ते तीनदा वाचलं.