गंजका हात

ऑस्ट्रियातल्या फेरलाख गावात शिकारीच्या बंदुका बनतात. तिथल्या पेर्नुल मालकांच्या कारखान्यातून गाश्पर ओग्रिसच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही बंदूक बाहेर पडत नसे. नळीला निळाई चढवणं हे त्याचं काम. घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाला तेजाबाचं पाणी लावायचं, दमट कपाटात टांगून गंज चढू द्यायचा, उकळत्या पाण्यात तो गंज काळा करायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, रंग खोल उतरेपर्यंत. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर तरुणपणीच यंत्रात गेलं होतं. गावाला तो हात ओळखीचा होता.

गिऱ्हाइकांशी तो फारसा बोलत नसे. पण ग्राझ शहरातले एक डॉक्टर नव्या बंदुकीला आरशासारखी चकाकी मागू लागले, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"चकाकी लग्नात बरी दिसते, डॉक्टरसाहेब. कड्यावरचा रानबोकड ती पलीकडच्या डोंगरावरून बघेल आणि तुमच्यावर हसत निघून जाईल. मंद निळीच घ्या."

"आणि पावसात गंजली तर?"

"पावसाला काय भ्यायचं? घरी येऊन कोरडी करा, तेलाचं फडकं फिरवा. लोखंडाचा खरा वैरी माणसाचा घाम. शिकार झाली की दहाजणांच्या हातात देऊ नका, एवढंच सांभाळा."

घामाच्या बाबतीत गाश्पर कुणाची गय करत नसे. काहींचा घाम इतका आंबट असतो की पोलादाला नुसतं बोट लागलं तरी सकाळी तिथं तांबडा ठसा उमटतो. म्हणून निळाईच्या खोलीत येऊ पाहणाऱ्याला तो घासलेली पट्टी मुठीत धरायला लावी आणि रात्रभर फळीवर ठेवी. पट्टी तांबूस झाली की माणूस परत. 'गंजका हात' असा एकदा शिक्का बसला, की गावातला कुठलाच बंदूकवाला त्याला दारात उभं करत नसे. गाश्परनं सख्ख्या भाच्यालाही असंच परत पाठवलं होतं.

त्या हिवाळ्यात तयार नळ्यांवर ठसे दिसू लागले. खोलीत दोघंच होती, गाश्पर आणि ब्रश मारणारी नेझा. नेझाचा नवरा युद्धावरून परत आला नव्हता आणि या कामाखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं.

"पुन्हा पट्टी धर," गाश्पर म्हणाला.

"काका, इतकी वर्षं तुमच्या शेजारी घासतेय. आता माझे हात बदलले होय?"

"बदलतात. धर."

तिनं पट्टी धरली. गाश्परनं ती तिच्या मुठीतून काढून फळीवर ठेवली. सकाळी पट्टी तांबडी झाली होती. नेझानं एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा आपल्या तळव्यांकडे. मग कमरेला बांधलेलं फडकं सोडून खुंटीला अडकवलं आणि ती निघून गेली. गाश्परला वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

ती गेल्यावरही ठसे यायचे थांबले नाहीत.

गाश्परनं दोन पट्ट्या घासल्या. एक फडक्यात धरून ठेवली, दुसरी उघड्या हातानं. सकाळी पहिली स्वच्छ होती आणि दुसरीवर त्याची बोटं उमटली होती, मधलं आखूड. मूत्रपिंडाच्या दुखण्यावर शरदात सुरू झालेल्या गोळ्या त्याला आठवल्या, अंगाला येणारा आंबूस वास आठवला. मग नेझाच्या मुठीतून पट्टी काढणारा आपला उघडा हात आठवला.

तो मालकांकडे गेला. पेर्नुल मालकांनी सगळं ऐकलं आणि उठून दार लोटलं.

"हातमोजे घाल आणि गप बस."

"आणि नेझा?"

"तिला परत बोलावलं तर लोक विचारतील, मग ठसे कुणाचे? गिऱ्हाईक तुझ्या नावावर येतं, गाश्पर."

"पण मालक, तिला गावात कुणी उभं करत नाही."

"तिचं बघू नंतर."

शनिवारी डॉक्टरांची बंदूक तयार झाली. सोमवारी ते न्यायला येणार होते, तोवर ती दुकानाच्या काचेत मांडायची होती. गाश्परनं हातमोजे काढले. नळीवरचं तेल बेंझिननं पुसून टाकलं. एवढी खोल निळाई त्यालाही क्वचितच साधली होती. डावा तळवा त्यानं नळीवर दाबला, उचलला, पुढे सरकवून पुन्हा दाबला. तोंडापासून लाकडी कुंद्यापर्यंत. मग गंज लवकर धरावा म्हणून जराशी वाफ दिली आणि बंदूक काचेत ठेवली.

रविवारी चर्चमधून परतणारे लोक काचेपुढे थांबले. नळीभर तांबडे हात उमटले होते, प्रत्येकाचं मधलं बोट आखूड. गाश्पर टोपी हातात घेऊन बाजूला उभा होता.

नेझा पुढे आली. तिनं बराच वेळ काचेतून पाहिलं.

"पट्टी तुम्हीच काढली होतीत ना माझ्या मुठीतून?"

"हो."

"उघड्या हातानं?"

"हो गं."

तिनं डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि ती चालू लागली.

सोमवारी गाश्परला कारखान्याचं दार बंद झालं. नेझाला बोलावणं गेलं, तिनंही जाऊन ब्रश उचलला. पण त्यानंतर रस्त्यात तो समोर आला, की ती पलीकडच्या कडेनं जाई.