कूलर बंद करणारा माणूस

मे महिन्यात नागपुरात पत्रकार परिषद सुरू व्हायची, तेव्हा सरकारी रेडिओचा तो माणूस उठून कूलर बंद करायचा. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर येत असे. आम्ही वर्तमानपत्रवाले घामाने निथळत कुरकुरायचो. तो कोणाकडे बघायचा नाही. टेबलावर रुमालाची घडी ठेवायचा, घडीवर रेकॉर्डर ठेवायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. परिषद संपली की तो आमच्या घोळक्यात बसून डबा खायचा. एकदा मी चिडूनच म्हटलं, "तुमचं बरं आहे भाऊ. सरकारी पगार. आमच्या ऑफिसात नुसती गर्दी, अन् पगार महिना अर्धा होईतोवरही पुरत नाही."

त्याने पोळीचा तुकडा मोडला. "पगार आहे गा. पण लोकं रिटायर होऊन राहिले अन् त्यांच्या जागी कोणी येऊन नाही राहिलं. सेक्शनमध्ये मी एकटाच उरलो. म्हणून तर तुमच्यात येऊन डबा खातो."

पुढे तोही रिटायर झाला. त्याच्याही जागी कोणी आलं नाही. कूलर चालू राहू लागला आणि खरं सांगायचं तर आम्हाला बरंच वाटलं.

यंदा आमच्या पेपरने आधी फोटोग्राफर काढले, मग व्हिडिओवाले. आता बातमी, फोटो, व्हिडिओ सगळं मीच करतो. पगार जुनाच आहे. परवा परिषदेत मोबाइल टेबलावर ठेवला आणि कूलर बंद करायला उठलो. मागून कुरकुर ऐकू आली. मी कोणाकडे बघितलं नाही.