पॉलिश पेपरने घासलेली बंदूक

किन्हवलीच्या लोहारकाकांनी मला तारलं, हे आधी सांगतो. इथं परमुलखात गॅरेजात पॉलिश पेपर हातात घेतला की तो दिवस आठवतो. बाबा गेल्यावर त्यांची परवान्याची ठासणीची बंदूक विकून मला इकडे यायचं भाडं उभं करायचं होतं. भाव चढावा म्हणून मीच शहाणपणा केला आणि गंजलेली नळी चकचकीत घासली. शहापूरचा बंदूकवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, कारखान्याचा शिक्काच घालवलास! आता ही भंगारात घाल." मुरबाडचा तर हसलाच, "जुनी नाय रायली, नवी नाय झाली. कोण घेणार रे?" मला स्वतःचाच संताप आला. काका मात्र माझ्याबरोबर परत शहापूरला आले. दुकानातच त्यांनी नळी लाकडातून सोडवून उलटी केली. खालच्या अंगाला, लाकडाआड, दुसरा शिक्का शाबूत होता. "याचा हात इथवर पोचला नाय म्हणून वाचला," काका म्हणाले, "आता बोल भाव." त्या भावात मी इथवर आलो. काका अजून हातानेच भाता ओढतात. पहिल्या सुट्टीत त्यांच्या भट्टीला विजेचा पंखा नेणार आहे, आणि वाटेत तो अजिबात पुसणार नाही.