चार रेघा दौलतच्या, तीन माझ्या

दौलत मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात विळ्याला मूठ बसवत होतो. फोन त्याच्या सुनेचा, भिलाईच्या हुडको वसाहतीतून. "काका, बाबा गेले," एवढंच बोलली. मी मूठ पुरती बसवली, मगच उठलो. घरच्यांना राग आला. येऊ द्या. अर्धं काम टाकून उठलेलं दौलतला कधी चाललं नाही, मला तर नाहीच. त्याला जाऊन आता दीड महिना होत आला. पेपरच्या पुरवणीत लोक आपापल्या गेलेल्या माणसाबद्दल लिहितात, ते मी नातीकडून वाचून घेतो. मग म्हटलं, आपणही लिहू. चौथीपर्यंत शाळा झालेला माणूस आहे, कोणाला हसायचं तर हसा... पण दौलतचा डावा खांदा कसा गेला, हे त्याच्या घरातही कोणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी साठ वर्षं बोललो नाही.

आम्ही दोघं भंडाऱ्याकडचे, पण ओळख भिलाईत आल्यावर झाली. कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडं पाहावं तिकडं खोदलेली लाल माती, लोखंडाचे ढीग, आणि मुलूखभरातून आलेली माणसं. मी ठेकेदाराच्या भट्टीवर लोहार, तो गवंडी. एका झोपडीत राहायचो, एका चुलीवर भात शिजवायचो आणि रोज भांडायचो. भांडण एकच. फाटकाला लोखंड धरून ठेवतं, असं मी म्हणायचो; भिंत धरून ठेवते, असं तो. "तुह्या लोखंडाले पकडाले शेवटी मीच लागतो ना गा," तो म्हणायचा. मी म्हणायचो, माह्या लोखंडाशिवाय तुही भिंत नुसती उभी राहीन, उघडन कशी? यावर तो हसायचा आणि माझ्या ताटातला कांदा उचलून खायचा.

मालाच्या अहात्याला, म्हणजे भिंत घातलेल्या आवाराला, मोठं फाटक लावायचं होतं. दोन पल्ले, म्हणजे झडपा, एकेक उचलायला आठ माणसं. पल्ले ज्यावर झुलणार ते कब्ज्याचे खुंट मी घडवले. भिंतीत जाणारं शेपूट चिरून दोन्हीकडं फाकवलेलं, म्हणजे कितीही ओढ बसली तरी निसटू नये. दौलतनं विटांच्या खांबात छिन्नीनं भोकं पाडली, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. भोकातली धूळ फुंकली, पाण्यानं धुतली, खुंटाचं शेपूट आत बसवलं आणि भोवती सिमेंट अन् गिट्टीच्या कपच्या ठासल्या. पुढचं काम पाण्याचं. उन्हाळा होता, सिमेंट वाळून भुगा व्हायला वेळ लागत नव्हता. दौलत त्या जागेवर ओलं पोतं बांधून ठेवायचा, रोज सकाळी पाणी मारायचा, आणि पाणी मारून झालं की बाजूला भिंतीवर गेरूची एक रेघ ओढायचा. सात रेघा झाल्याशिवाय पल्ला चढवायचा नाही, हा त्याचा नेम. ओव्हरसियर साहेबसुद्धा दिवस मोजत नव्हता, दौलतच्या रेघा मोजायचा.

चार रेघा झाल्या आणि गावाहून निरोप आला, बहिणीच्या लग्नाची बैठक आहे. जाताना त्यानं गेरूचा खडा माझ्या हातात दिला. "पाणी मारजो नत्थू, मंग रेघ मारजो. रेघ पयले नाई."

मी म्हटलं, मले शिकवू नको, गाडी चुकन तुही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ओव्हरसियर आला. यंत्रांच्या पेट्या दुपारीच येणार होत्या, फाटकाशिवाय उतरवता येत नव्हत्या. भट्टीवर उभा राहून चहा पिता पिता मला म्हणाला, आता जाऊन रेघा पाहतो, सात असतील तर चढवू. मी त्याच्या आधी निघालो. पोतं कोरडं पडलं होतं. पाणी मारायचं राहिलं आणि मी एकापाठोपाठ तीन रेघा ओढल्या. साहेबाला भिऊन ओढल्या, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं. दौलत यायच्या आत मला माझं फाटक झुलताना पाहायचं होतं. तो आला की दाखवायचं होतं, बघ, तुझ्या सात दिवसांवाचून लोखंडानं कसं पेललं. साहेबानं बोट लावून सात मोजल्या आणि जड सामान चढवणाऱ्या खलाशांना हाक मारली. दहाच्या आत दोन्ही पल्ले चढले. एका बोटानं फिरत होते. मी चार लोकांना बोलावून फिरवून दाखवले.

दौलतची बैठक एकाच रात्रीत आटपली होती. दुपारच्या पॅसेंजरनं तो उतरला आणि गाठोडं घेऊन सरळ फाटकावरच आला. समोर पेट्या लादलेला ट्रक उभा, एक पल्ला अर्धा उघडलेला, त्याच्या सावलीत दोन रेजा, म्हणजे विटा-माती वाहणाऱ्या बाया, डबा उघडून जेवत बसलेल्या. त्यानं आधी फाटकाकडं पाहिलं, मग भिंतीकडं. रेघा त्याच्या उभ्या, माझ्या जराशा तिरप्या. मग वर पाहिलं. वरच्या खुंटाच्या भोवतीनं राखेसारखं बारीक काहीतरी गळत होतं... मलाही तेव्हाच दिसलं. गाठोडं खाली टाकून तो पल्ल्याच्या खालच्या पट्टीला डावा खांदा लावून उभा राहिला. बायांना म्हणाला, डबा राहू द्या, उठा अन् दूर जा. त्या उठल्या.

ओव्हरसियरला वाटलं, मिस्त्री नाटक करतो आहे. बाजूला हो म्हणाला, ट्रक आत येऊ दे. दौलत हलला नाही. साहेब भिंतीजवळ गेला आणि रेघांवर हात ठेवला. "सात लकीरें तुम्हारी ही हैं न, मिस्त्री?"

दौलतनं माझ्याकडं पाहिलं.

ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. माझ्या भोवती तेच चार लोक उभे होते ज्यांना मी सकाळी फाटक फिरवून दाखवलं होतं. साहेबानं खलाशांना खूण केली, पल्ला पूर्ण उघडा. दोघं पुढं झाले. आणखी थोडा उघडला असता तर दौलतच्या खांद्यावरून सुटून सगळा भार त्या वरच्या खुंटावर आला असता. दौलतच्या मानेची शीर फुगली होती, पाय मातीत रुतत होते, आणि तो अजून माझ्याकडंच पाहत होता. पुन्हा हॉर्न वाजला. तेव्हा मी बोललो. "साहब, तीन मैंने मारी हैं. कच्चा है."

खलाशी थांबले, कोणी रुळाखालचे लाकडी स्लीपर आणायला धावले. पण तोवर वरचा खुंट चार बोटं बाहेर आला आणि पल्ला खचला, आधी दौलतच्या खांद्यावर, मग स्लीपरवर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. लोखंड भट्टीत कितीही वाजलं तरी तो आवाज त्यात बुडला नाही कधी.

कारखान्याच्या दवाखान्यात गेलो तेव्हा मला वाटलं, शिव्या देईल. मी विचारलं, कावून नाई सांगतलं साहेबाले? नाई म्हटलं असतं तं सुटला असता.

"मी सांगतलं असतं तं तुले हाकललं असतं," तो म्हणाला. "तू सांगतलं, म्हणून ठेवलं."

मी म्हटलं, लोखंड वाकलं नाई पण. तो हसायला गेला आणि कळवळला. आजही सांगतो, खुंट काढून पाहिला तेव्हा शेपूट जसंच्या तसं होतं. पण ते धरायला तिथं काही नव्हतं.

पुढं हात गळ्यात बांधून त्यानं नवी भोकं पाडून घेतली. पाणी रोज मी मारलं, रेघ रोज मी ओढली, तो नुसता विटांवर बसून पाहत राहिला. हाड जुळलं, पण डावा हात छातीच्या वर परत कधी गेला नाही. तशाच हातानं त्यानं निवृत्तीपर्यंत काम केलं, घर बांधलं, पोरं वाढवली. घरात सांगितलं, शिडीवरून पडलो.

मागच्या आठवड्यात हुडकोत गेलो होतो. सून खोली रंगवून घेणार होती. सगळ्यांचे कपडे दारावरच्या खुंट्यांना, आणि दौलतचा सदरा पलंगाजवळ, डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर ठोकलेल्या एका खुंटीला. म्हणाली, "काका, एवढी खाली कावून लावली असन बाबाने? इचारलं का म्हनत, वाकाची सवय पायजे. तुमी लोहार ना, काढून द्या ना ही."

मी पलंगावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. सदरा हातात घेऊन ती ऐकत होती. झाल्यावर तिनं विचारलं, "बाबा पल्ल्याखाली उभे होते तवा तुमी किती वेळ चूप होते, काका?"

म्हटलं, ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तेवढा.

तिनं सदरा झटकला, घडी न करता परत त्याच खुंटीला अडकवला आणि चहा टाकायला आत गेली.