सहा टाके आणि एक छत्री

“अहो, ओढा ना जोरात! जेवले नाही काय आज?” बायको खालून ओरडत होती. तो आवाज थेट नेरच्या बसस्टँडपर्यंत गेला असणार. मी अंगणातल्या कडुनिंबाला पॅराग्लायडिंगच्या हार्नेसमध्ये बसून लटकलो होतो. संकटात उघडायची राखीव छत्री मी आदल्या दिवशीच त्यात बसवली होती आणि दुसऱ्या दिवशी टेकडीवरून उडायचं होतं. उडण्याआधी असं लटकून, मूठ ओढून छत्री बाहेर येते का ते पाहायचं, हा नियमच.

मी ओढली. कडुनिंब हलला, दोन कावळे गाव सोडून गेले आणि माझा उजवा हात चार बोटं लांब झाला. त्या बाजूची बाही मला अजून अपुरी पडते. छत्री मात्र जागची हलेना. हेच हवेत झालं असतं तर?

उतरून पाहतो तर छत्रीच्या झाकणावर नायलॉनचे सहा सुबक टाके! सामानाच्या खिशाची चेन बदलायला मी सकाळी हा हार्नेस गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या चाचांकडे दिला होता. एवढं मोठं झाकण नुसत्या पिनेवर अडकलेलं पाहून त्यांना माझी काळजी वाटली होती.

चाचांनीच येऊन टाके उसवले. छत्रीचं कापड शाबूत होतं. मी पुन्हा लटकलो, मूठ ओढली आणि छत्री सर्रकन बाहेर आली.

“चाचा, काहून शिवलं हे? जीव गेला असता ना माहा!”

चाचांनी सुई टोपीत खोचली.

“म्या शिवलेलं आजलोक कोणाचं उघडलं नाई.”