बोलत चालव

रोबो कडेच्या फळीवर आदळला आणि वैदेहीनं कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला. "मी न्हाई चालवणार. ओमला द्या."

खरं सांगू का, मी तिथं चुकून पोचले होते. लोणावळ्यात माझं मोटर ड्रायव्हिंग स्कूल आहे. कामशेतच्या शाळेतल्या सरांचा फोन आला, "मावशी, आमच्या ड्रायव्हरला फार टेन्शन येतं. उद्या तळेगावला जायचंय." मला वाटलं, स्कूलबसचा ड्रायव्हर असेल. आले, तर पुढ्यात नववीतली पोरगी, आणि गाडी म्हणजे चाकं लावलेली सुटकेस!

सरांनी समजावलं. तळेगावला शाळांची रोबो-स्पर्धा. तिथं कंट्रोलरवरून रोबो चालवतो तो ड्रायव्हर. मागं उभा राहून सूचना देतो तो कोच. इथं तो ओम. कोचनं फक्त बोलायचं, कंट्रोलरला हात लावायचा नाही. अडीच मिनिटांत रोबोनं चेंडू उचलून टोपलीत टाकायचे. रोबोचा चेंडू उचलणारा हात वैदेहीनंच जोडलेला. एरवी चालवायचीही झकास, पण घड्याळ लावलं की बोटं लाकडासारखी.

"आज जमलं नाही तर उद्या ओम चालवेल," सर म्हणाले. पोरीचे डोळे भरले.

"अगं, टेन्शन घेऊ नको!" सगळी पोरं एकदम ओरडली. तिनं आणखी घेतलं.

ओम सोडून सगळ्यांना मी बाहेर काढलं.

"घड्याळ लागलं की काय होतं गं?"

"काय दिसतच न्हाई, मावशी. कानात नुसतं धडधडतं."

"आणि श्वास?"

"घेत नसन बहुतेक."

माझ्या शिकाऊ बायका खंडाळ्याच्या चढावर हेच करतात. मागं ट्रक आला की स्टिअरिंग आवळतात, श्वास कोंडतात आणि गाडी बंद पाडतात. त्यांना मी बोलायला लावते. दिसेल ते, कराल ते, मोठ्यानं सांगा. बोलायचं तर श्वास घ्यावाच लागतो.

"चल, बोलत चालव."

"लोकं हसतील."

"हसू दे. ते काय कंट्रोलर धरायला येणारेत?"

तिनं सुरुवात केली. "टर्न लेफ्ट... नाऊ... मूव्ह..." पुढचा शब्द सापडेपर्यंत रोबो परत फळीवर!

"घरी बोलतीस तसं बोल की."

"रोबोशी?"

"त्याला तरी कुठं इंग्रजी येतं?"

ओम फिस्सकन हसला. मग तीही हसली. ओमला मी बजावलं, ती गप्प झाली तर ओरडायचं नाही. काय दिसतंय, एवढंच विचारायचं. संध्याकाळी घड्याळ लावून तिनं बोलत बोलत रोबो नीट चालवला, आणि सरांनी तिलाच ड्रायव्हर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तळेगावात मॅच मध्यावर आली आणि एक चेंडू चाकाखाली अडकला. रोबो जागेवर गरगरायला लागला. वैदेही गप्प.

"काय दिसतंय?" ओमनं विचारलं.

"चेंडू हाय चाकाखाली."

"मग?"

"मागं घेती... निघ की रं बाबा... निघाला! आता वळ. हात वर घे, आजून, आजून... टाक!"

पंचसुद्धा हसत होते. टोपलीत चेंडू पडला, मॅच जिंकली. पुढची मॅच मात्र थोडक्यात हरलो आणि स्पर्धेबाहेर गेलो. वैदेही शेवटपर्यंत बोलत होती.

सर उतरल्या चेहऱ्यानं सामान आवरत होते. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "सर, पुढच्या वर्षीबी मीच चालवणार."

इतकी वर्षं गाडी शिकवतेय. 'टेन्शन घेऊ नको' म्हटल्यानं कुणाचं टेन्शन गेलेलं मी अजून पाहिलं नाही. काय दिसतंय ते विचारावं, आणि उत्तर माणसाला त्याच्या घरच्या बोलीत देऊ द्यावं.